टायग्याला परसात जायची सवय लावली, तीही भर पावसात

आमच्या घराला कुत्रं नवीन नाही. आधीचा मोती तेरा वर्षं अंगणात जगला, रात्री पडवीत पोत्यावर झोपायचा, आणि तो शू-शी कुठे करतो हा प्रश्न घरात कुणाला कधी पडलाच नाही. खेड्यात तो पडतही नाही, कुत्रं जातं कुठेतरी आणि येतं. पण मोती गेल्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. घरासमोरचा रस्ता रुंद झाला आणि टिप्पर धाडधाड जायला लागले, आणि गेल्या वर्षी आमच्या वाड्यावरची दोन कुत्री बिबट्याने नेली. म्हणून या वेळी कुत्रं रात्री घरातच झोपणार हे मी आधीच जाहीर करून टाकलं. सासूबाई, म्हणजे आई, म्हणाल्या, घरात झोपेल तर घरातच मुतेल. मी म्हटलं, पिल्लू नको, मोठं कुत्रं आणूया, मोठी कुत्री शिकलेली असतात. हे वाक्य मला पुढचे तीन महिने ऐकवण्यात आलं.

घरची परिस्थिती आधी सांगते कारण सगळं गणित त्यावर आहे. गोव्यात डिचोलीपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव, मी नोकरीला पणजीला, नवरा शिफ्टमध्ये, मुलगी आठवीत, आणि दिवसभर घरी फक्त आई, वय ७२, दोन्ही गुडघे दुखतात. माझं माहेर सावंतवाडीचं, त्यामुळे आई कोंकणीत बोलतात, मी मालवणी-मराठीत उत्तर देते, आणि कुत्र्याला दोन्ही ऐकावं लागतं. यावरून पुढे काय गोंधळ झाला ते येईलच.

एप्रिलच्या शेवटी बार्देशातल्या एका शेल्टरला गेलो. आमचा टायगर तिथे तीन वर्षं होता. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला, वजन १९ किलो, दात बघून वय चार-साडेचार सांगितलं, नसबंदी झालेली आणि त्याची खूण म्हणून कानाला खाच. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती, हा मागे भिंतीला पाठ लावून बसून आमच्याकडे बघत होता. मुलीने तिथेच ठरवलं.

फॉर्म चार पानी. आधारची झेरॉक्स, लाईट बिल, घर ज्यांच्या नावावर आहे त्यांची संमतीची सही (घर आईंच्या नावावर, त्यांनी सही करायला दोन दिवस लावले, मुद्दाम), गेटचे आणि कंपाउंडचे फोटो, आणि एक हमीपत्र: साखळीला बांधून ठेवणार नाही, दर वर्षी रेबीजची लस देणार, नको झाला तर रस्त्यावर सोडणार नाही, परत आणून देणार. फॉर्म दिला ४ मे ला. घर बघायला शेल्टरमधली एक मुलगी आली २५ मे ला, तिने कुंपणातलं एक भगदाड दाखवलं जे आम्हाला वीस वर्षं दिसलं नव्हतं, ते बुजवून फोटो पाठवला, मग १० जूनला फोन आला की या. पैसे मागितले नाहीत, आम्ही १००० रुपये देणगी देऊन पावती घेतली. एक सांगते, लसीचं पुस्तक तिथेच उघडून नीट बघा. आमच्या पुस्तकात रेबीजची तारीख ठीक होती पण दुसऱ्या लसीची मुदत मे मध्येच संपलेली. त्यातच लेप्टोची लस असते, आणि लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून येतो, म्हणजे गोव्यातल्या पावसाळ्यात ती चुकवून चालतच नाही. ते ८०० रुपये पहिल्याच आठवड्यात गेले.

आणि एक प्रश्न मी विचारायला विसरले, तो म्हणजे हा तिथे शू कशावर करतो.

तारीख ठरवली शनिवार १५ जून, कारण सोमवारी १७ ला बकरी ईदची सुट्टी, तीन दिवस सगळे घरी मिळतील. ही एकच हुशारी आम्ही केली. बाकी पाऊस सुरू होऊन आठवडा झालाय, परसू चिखलाने भरलाय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

टायगर गाडीतून उतरला. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या, ओवाळून टाकायला. त्याने अख्खं अंगण बघितलं, माडांचे बुंधे, जास्वंद, गवत, कुठलंही कुत्रं खूश होईल असं सगळं. मग चिखलात पाय पडू नये म्हणून नऊवारीतल्या म्हातारीसारखा एकेक पाय उचलत तो ते अंगण पार करून गेला, पडवीतून हॉलमध्ये आला, शिलाई मशीनच्या बाजूला गुळगुळीत लादीवर उभा राहिला, आमच्याकडे अगदी प्रेमाने बघितलं आणि तळं केलं. आईंनी भाकरतुकडा हळूच ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या.

पहिल्या नऊ दिवसांत जे जे करू नये ते सगळं आम्ही केलं.

फिनाईलने पुसलं. नवऱ्याने आवाज चढवला. शेजारची काकी येऊन सांगून गेली की नाक घासा त्यात, एकदा घासलं की जन्मात करणार नाही. नाक घासलं नाही, पण मुलीने एकदा पेपरची सुरळी करून जमिनीवर आपटली. परिणाम एवढाच की टायगर आमच्यासमोर करायचा बंद झाला. म्हणजे अंगणात नेलं तरी आमच्यासमोर नाही, अर्धा तास मी छत्री धरून उभी, हा कोरड्या पायरीवर बसलेला, आणि घरात आलो की दोन मिनिटांत नाहीसा व्हायचा आणि जिन्याखाली, तांदळाच्या पोत्यामागे, सोफ्याच्या पाठी कुठेतरी काम उरकून यायचा. त्याला एवढंच कळलं होतं की ही माणसं शू बघितली की बिघडतात, तेव्हा त्यांना दाखवायची नाही. ओरडण्याचा दुसरा कुठलाही उपयोग होत नाही, हे मी आता कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

मी वहीत लिहून ठेवत होते. नऊ दिवसांत घरात ४१ वेळा, बाहेर ३ वेळा. आणि ते तिन्ही वेळा विहिरीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर! वहीत ते मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, तरी मला दिसलं नाही. रोज संध्याकाळी गेट उघडलं की आईंचं एकच वाक्य, "तुजो वाग परत मुतलो गो."

२४ जूनला सोमवारी अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे नेलं. फोनवर त्यांनी सांगितलं होतं, येताना सकाळची पहिली लघवी घेऊन या. आता ही कशी घ्यायची. जुनी पळी झाडूच्या दांड्याला सुतळीने बांधली, पहाटे पावणेसहाला जिन्याखाली दबा धरला, आणि तो उभा राहिला की मागून हळूच पळी सरकवली. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. पळी नंतर फेकली, आईंना सांगितलं हरवली. लघवीची तपासणी ३५० रुपये, गोचीडतापासाठी रक्त ६००, दोन्ही नॉर्मल. हे पैसे वाया गेले असं मला वाटलं नाही, कारण मूत्रमार्गाला इन्फेक्शन असेल तर कितीही शिकवा, त्याला धरूनच ठेवता येत नाही, आणि आपण बसतो हट्टी म्हणत.

मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. तिकडे कशावर राहायचा हा?

सिमेंटच्या फरशीवर. एका कडेला गटार, रोज सकाळी पाइपने धुवायचे.

ते म्हणाले, मग तो शिकलेलाच आहे की. तीन वर्षं रोज शिकलाय, की पायाखाली गार, कडक, गुळगुळीत लागलं की तिथे करायचं. तुमचा हॉल बघून त्याला वाटलं असेल, वा, केवढा मोठा संडास.

घरी येताना गाडीत मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. नऊ दिवस तो बिचारा आपल्या समजुतीने अगदी शहाण्यासारखा वागत होता आणि आम्ही त्याच्यावर डाफरत होतो.

आमच्या मागच्या बाजूला बाथरूम दुरुस्तीतून उरलेल्या चार लाद्या पडल्या होत्या. २६ जूनला त्या परसात मांडल्या, मागच्या दारापासून बारा पावलांवर, फणसाच्या पलीकडे. जागा निवडताना दोन गोष्टी बघा: विहिरीपासून लांब पाहिजे आणि पाणी घराकडे न वाहता उतारावर गेलं पाहिजे, आमच्याकडे केळींच्या आळ्याकडे उतार आहे, ते बरं पडलं. आणि पुढच्या अंगणात करायचं नाही हे आईंनी पहिल्या दिवशीच ठरवलेलं, तिथे तुळस आहे. लाद्यांवर नवऱ्याने चार खांब ठोकून एक जुना पत्रा टाकला, पावसासाठी. घरातली शू पुसलेलं एक फडकं लाद्यांवर नेऊन चोळलं, वास यावा म्हणून. काकी कुंपणावरून बघत होती, तिला वाटलं असेल काहीतरी करणी चाललीय.

मग वेळापत्रक. निरोगी मोठं कुत्रं सहा-आठ तास धरून ठेवू शकतं, पण शिकवताना तेवढी वाट बघायची नाही, त्याला लागायच्या आधीच आपण नेऊन उभं करायचं. झोपून उठल्यावर लगेच, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत (पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, माणसाचंही तेच), खेळून झाल्यावर, आणि मध्ये दर दोन-तीन तासांनी. पावणेसहा मी, सव्वाआठ मी, दुपारी दीड मुलगी शाळेतून आली की, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ नवरा किंवा मी, रात्री अकराला नवरा. राहिले साडेदहा आणि चार, ते आईंच्या वाट्याला. मी त्यांना विचारायला घाबरत होते. त्यांनी माझं बोलणं पूर्णही होऊ दिलं नाही, कालनिर्णय भिंतीवरून काढलं, पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात एक बारीक रेघ मारली. बाहेर केली की उभी रेघ, घरात केली की फुली. जून महिन्याचं ते पान बघितलं तर नुसत्या फुल्या, गोंदवल्यासारखं दिसतं.

घरात असताना तो मोकळा नाही. पट्टा माझ्या कमरेला बांधलेला, मी भाजी चिरतेय तर हा पायाशी, मी कपडे घडी करतेय तर हा पायाशी. कुणाचंच लक्ष नसेल तेव्हा स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये फळी लावून तेवढ्याच जागेत, त्याच्या गोधडीवर, कारण कुत्री आपल्या झोपायच्या जागेवर शक्यतो करत नाहीत. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण टायगरला उलट बरं वाटायला लागलं, तीन वर्षं लहान जागेत काढल्यावर आमचा हॉल त्याला फार मोठा होत असणार.

शब्दाचा गोंधळ इथे झाला. मी म्हणायची "शू कर", आई म्हणायच्या "मूत रे मूत", नवरा म्हणायचा "चल लवकर, उशीर होतोय", आणि मुलगी इंग्लिशमध्ये. कुत्रा चौघांकडे आळीपाळीने बघायचा. शेवटी आईंचा शब्द सगळ्यांनी घ्यायचा ठरला, कारण त्या बदलणार नव्हत्या. आता मी पहाटे परसात उभी राहून "मूत रे" म्हणते आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत जाताना वळून बघतो.

बक्षीस म्हणून उकडलेल्या कलेजीचे चण्याएवढे तुकडे, पाव किलो आणली की चार दिवस जाते. ते द्यायचं तिथल्या तिथे, काम झालं की पुढच्याच क्षणाला. आम्ही आधी घरात येऊन स्वयंपाकघरात द्यायचो, तर टायगरने हिशोब लावला की बक्षीस घरात शिरण्याबद्दल आहे, मग तो अर्धीच करायचा आणि पळत आत यायचा, उरलेली अर्धी पॅसेजमध्ये. स्टीलची छोटी डबी मागच्या दाराच्या खुंटीला लटकवली तेव्हा हे सुटलं.

लाद्यांवर पहिली शू झाली २७ जूनला सकाळी ५:५२. मी ओरडले नाही, तसं वाचलं होतं की मध्येच ओरडून त्याला दचकवू नका, पूर्ण होऊ द्या. पूर्ण झाल्यावर मात्र कलेजीचे पाच तुकडे एकदम दिले आणि भिजलेल्या नाईटीत तिथेच खाली बसले.

मग वाटलं जमलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फुल्या दिवसाला एक-दोनवर आल्या. आणि मग ८ जुलै. रेड अलर्ट, शाळा बंद, साळ गावाच्या बाजूला नदी चढल्याच्या बातम्या, आणि असा पाऊस की फणस दिसेना. टायगर दारापर्यंत यायचा, बाहेर कान द्यायचा आणि चारही पाय रोवून उभा. ओढलं तर झोपून जायचा. सकाळी गेला नाही, दुपारी गेला नाही, दिवसभर धरून ठेवली, आणि रात्री आठला तांदळाच्या पोत्यामागे सोडली. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं पाणी नको असेल, मी त्याला मुलीचा जुना रेनकोट कापून घातला, तो घालून हा पुतळ्यासारखा उभा. छत्री उघडली की त्याहून घाबरायचा, म्हणून छत्र्या आम्ही आतच उघडून मग बाहेर पडायला लागलो.

कळलं ते आईंना. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पत्र्याचो आवाज जाता न्हय, ताका तो भियेता."

आणि खरंच. एवढ्या पावसात पत्र्याखाली उभं राहून बघा, डोक्यावर कुणी खडी ओततंय असं वाटतं. आम्ही त्याच्या सोयीसाठी टाकलेला पत्रा, तोच राक्षस. नवऱ्याने संध्याकाळी पत्रा काढला, शेजारून माडाच्या झावळांची विणलेली चुडतं आणली, दोन थर टाकले आणि त्यावर प्लास्टिक न घालता तशीच ठेवली, थोडं गळतं पण आवाज येत नाही. १० जुलैच्या रात्री अकराला टायगर चुडतांखाली गेला, वर बघितलं, कान फिरवले आणि मोकळा झाला. कुणी मला विचारलं की या सगळ्यात एकच सल्ला द्या, तर मी म्हणेन कुत्रा का नाही म्हणतोय ते बघायला खुर्ची टाकून बसा, आणि शक्य असेल तर खुर्चीत सासूला बसवा.

त्याच आठवड्यात साफसफाईचंही शहाणपण आलं. फिनाईल बंद केलं, एक तर कुत्रं पाय चाटतं आणि ते त्याच्या पोटात जाणं बरं नाही, दुसरं म्हणजे फिनाईलने आपल्या नाकाला येणारा वास जातो, त्याच्या नाकाला येणारा नाही. अमोनियावालं क्लीनर तर मुळीच नको, त्याला ते मुतासारखंच वाटतं. एन्झाइमवालं लिक्विड ऑनलाइन मागवलं, ५९९ रुपये, ते ओतून लगेच पुसायचं नसतं, पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यायचं. व्हिनेगर पाण्यात घालूनही चालतं पण संगमरवर किंवा कडप्प्यावर नको, डाग पडतो.

आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, २५० रुपये. वाळलेली शू त्यात हिरवट-पिवळी चमकते. एका रात्री लाईट गेलेलीच होती तेव्हा मुलीने टॉर्च घेतला आणि आम्ही चौघं रांगेत घरभर फिरलो. जिन्याखाली तर आकाशगंगा. सोफ्याचा मागचा पाय. तांदळाचं पोतं, ज्यातला तांदूळ आम्ही खात होतो (तांदूळ आत डब्यात होता, पोतं फक्त बाहेरून, तरी आई दोन दिवस पेजच प्यायल्या नाहीत). मग देवघराच्या उंबऱ्याशी मुलगी थांबली आणि टॉर्च पटकन बंद केला. आई म्हणाल्या, "पेटय." पेटवला. एक थेंब, वीसच्या नाण्याएवढा. आई काही बोलल्या नाहीत, बादली घेऊन आल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात स्वतः बसून पुसलं. त्या रात्री मला वाटलं की हमीपत्रातलं शेवटचं कलम वापरावं लागणार.

दुसऱ्या दिवशी कालनिर्णयावर फुलीच्या जागी त्यांनी एक टिंब दिलं होतं.

१७ जुलै, आषाढी एकादशी. दरवर्षी आई साखळी गावी विठ्ठलापूरच्या देवळात जातात, उपास, नवी साडी, साडेचारला भाऊ गाडी घेऊन येणार. मी ऑफिसात. चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला, आई एवढ्या हळू बोलत होत्या की मला वाटलं काही झालं. झालं होतं असं की त्या साडी नेसून केसांना फणी करत होत्या, चारची फेरी झालेली नव्हती, आणि टायगर आपणहून पॅसेजमधून उठला, फळी नाकाने ढकलली, मागच्या दाराशी गेला आणि दाराच्या खालच्या फटीला नाक लावून उभा राहिला. भुंकला नाही, कुंईकुंई नाही. नुसता उभा. आई म्हणाल्या, मी बघतेय तर तो मागे वळून माझ्याकडे बघतो आणि परत फटीला नाक लावतो. नव्या साडीचा काठ वर खोचून, चुडतांखाली, भर पावसात. भाऊ गेटवर हॉर्न वाजवत बसला. फोन ठेवताना म्हणाल्या, "विठ्ठल पावलो."

तेव्हापासून तो त्यांचा. टायगर हे नाव जाऊन टायग्या झाला तोही तेव्हाच.

पुढचं काम म्हणजे लाद्या कमी करणं, कारण जन्मभर लादीवरच केलं तर हॉलची लादी कायम धोक्यात. २८ जुलैला चारातली एक काढली. आठवड्याने दुसरी, आणि उरलेल्यांवर मूठभर माती, मग दोन मुठी. ऑगस्टच्या मध्यावर एकच लादी, तीही अर्धी पुरलेली, ताटाएवढी जागा उघडी. एकदा घाई करून दोन एकदम काढल्या तर दोन दिवस फुल्या आल्या, परत एक ठेवली. १ सप्टेंबरला शेवटची उचलली. त्या जागी गवत नाही, नुसती माती, पण टायग्या रोज बरोबर तिथेच, इंचभर इकडेतिकडे नाही.

चवथीने, म्हणजे गणेश चतुर्थीने, एकदा घोळ केलाच. ७ सप्टेंबरची चवथ, ६ तारखेला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं, सामान पडवीत पसरलेलं, नारळ, सुपारीचं शिपटं, कांगलां, आंबाडे, एक मोठा चिबूड, घरात वीस माणसं, बाहेर फटाके, घुमट वाद्याचा सराव. टायग्या आला, सगळं हुंगलं, आणि चिबडाजवळ तंगडी वर करून दोन थेंब. ही शू नव्हे, ही खूण, नसबंदी झालेले नरही नव्या वासाच्या वस्तूंवर ती ठेवतात, आणि पाहुण्यांच्या दिवसांत नवं सामान उंच ठेवणं किंवा कुत्र्याला पट्ट्याला ठेवणं एवढाच त्यावर उपाय. आई आणि मी दोघींनीच बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. चिबूड गोठ्यात गेला, दुसरा आला. नवऱ्याला माहीत नाही, म्हणजे आतापर्यंत नव्हतं. टायग्या मग पाचही दिवस मागच्या खोलीत पंखा लावून, फेऱ्यांच्या वेळा मात्र एकही चुकवली नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, फटाक्याच्या आवाजाने एकदा पॅसेजमध्ये झाली, ती शेवटची फुली.

पंचायतीत नोंदणी राहिली होती ती सप्टेंबरअखेर केली. अर्ज, आधार, रेबीजच्या लसीचा कागद, कुत्र्याचा फोटो. पहिल्या फेरीत सचिव नव्हते, दुसऱ्या फेरीत कळलं की घरपट्टीचे २१२ रुपये बाकी आहेत, ते भरल्याशिवाय काही नाही, तिसऱ्या फेरीत पावती मिळाली. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत असं क्लार्क म्हणाला, मी म्हटलं एक पडलेलाच असतो. लसीचा कागद मात्र जपून ठेवा, गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालंय ते गावोगाव दर वर्षी लस टोचत फिरणाऱ्या लोकांमुळे, आपल्या घरातल्याची तरी चुकू नये.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: देणगी १०००, लस ८००, तपासण्या ९५०, लिक्विडच्या दोन बाटल्या ११९८, टॉर्च २५०, कलेजी तीन महिन्यांत साधारण हजार. लाद्या आणि चुडतं फुकट. एक पळी. वेळ म्हणाल तर १५ जून ते ८ सप्टेंबर, बारा आठवडे आणि एक दिवस, त्यातले पहिले नऊ दिवस आमच्या अकलेचे.

अजूनही रात्री अकराची फेरी आम्ही सोडलेली नाही आणि रविवारी पावणेसहाला तो मला उठवतोच, दाराच्या फटीतून वारा आत यावा तसा कानाशी श्वास सोडतो. शेवटची लादी नवरा भंगारात टाकायला निघाला होता. आईंनी त्याच्या हातातून घेतली, राखेने घासली, नळाच्या मागे भिंतीला उभी करून ठेवली. म्हणाल्या, "फुडल्या पावसाक लागतली."